जहाज झोपलेत

लाल दिवा चालू होता आणि कुणीच बोलत नव्हतं.

स्टुडिओतल्या शांततेला खिडकी नसते. भिंतींना जाड कापड, दाराच्या कडांना रबर, पायाखाली सतरंजी. तिला निसटून जायला कुठे फटच नसते. ती साचत जाते, आणि साचता साचता माणसांच्या गळ्याशी येते. माइकसमोर कप्तानबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात श्रुतिकेचं शेवटचं पान होतं आणि त्या पानावर त्यांच्या वाट्याचं एकच वाक्य उरलं होतं: 'जहाज मोडीत काढा.' ओठ उघडलेले होते. वाक्य येत नव्हतं.

माइकच्या दुसऱ्या बाजूला जहाजाचा इंजिनिअर वाट बघत होता. हा इंजिनिअर एरवी बाजाराच्या तोंडाशी छत्र्या विकत आणि दुरुस्त करत असे, आणि त्याला सगळे छत्रीवालेच म्हणत. काचेपलीकडे यंत्रांच्या मागे कप्तानबाईंची भाची बसली होती, कानांवर हेडफोन, एक हात बटणावर. लहानपणापासून ती तशीच बसायची म्हणून तिचं नावच 'बटण' पडलं होतं. आणि कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत, गुडघ्यांवर कोपरं टेकून, हे सगळं लिहिणारा माणूस बसला होता. कप्तानबाईंचा धाकटा भाऊ, बटणचा बाप.

छत्रीवाल्यांनी सवयीनं वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. आवाजात इंजिनघराचा जडपणा आणत ते म्हणाले, "कप्तान, बंदर आलं. आम्ही हुकमाची वाट बघतोय."

कप्तानबाईंनी पानाकडे पाहिलं, मग माइककडे, मग पुन्हा पानाकडे.

"थांबवते गं, आत्या," बटणचा आवाज स्पीकरमधून आला आणि लाल दिवा विझला.

खुर्ची करकरली. "घसा दुखतोय का?" धाकट्यानं विचारलं.

"घसा नाही."

"मग?"

"वाक्य दुखतंय."

छत्रीवाल्यांनी रुमालानं मान पुसली. "बाई, मला वाटलं मीच माझं काहीतरी विसरलो. घरी बायको अशी गप्प झाली ना, की मी आधी माफी मागून टाकतो. कशाची, ते मागाहून कळतं."

कप्तानबाई हसल्या, पण ते हसू अर्ध्यावर खोकल्यात गेलं. खोकला लांबला. बटण काचेआड उभी राहिली. कप्तानबाईंनी हातानंच तिला खाली बसवलं.

त्या खोकल्यामुळेच तर रेडिओवरची ही मालिका आज संपवायची चालली होती. त्यांच्या स्वरयंत्रावर एक गाठ होती, आणि ती गुरुवारी काढायची होती. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं काही लपवलं नव्हतं. आवाज राहील, म्हणाला; पण तो हाच असेल असं मी सांगणार नाही. कप्तानबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "मग कुणाचा असेल?" डॉक्टरला वाटलं बाई विनोद करतायत. त्या खरंच विचारत होत्या.

जहाजाची मालिका सुरू झाली तेव्हा धाकटा नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता. डोक्यात कविता, खिशात फाटकी तिकिटं, आणि नजर कायम समोरच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे. रेडिओ केंद्रानं त्याला मुलांसाठी काहीतरी साहसी लिही म्हणून सांगितलं. त्यानं एक ताऱ्यांमधून फिरणारं जहाज लिहिलं, पण त्यावर एकही तोफ ठेवली नाही. अंधारातल्या वाटांवर कुणीतरी पूर्वी लावून ठेवलेले दिवे होते. ते मंद झाले की या जहाजानं जायचं, काच पुसायची, वात बदलायची, थोडा वेळ त्या उजेडात थांबायचं आणि पुढच्या दिव्याकडे निघायचं. एवढीच त्या जहाजाची नोकरी. केंद्रप्रमुख वाचून म्हणाले होते, "यात होतं काय?" धाकटा म्हणाला, "उजेड होतो."

जहाजाला नाव द्यायचं मात्र राहून गेलं. पुढे ऐकणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केल्यावर छत्रीवाल्यांनी स्टुडिओत जाहीरच केलं, "नावेला नाव नाही, म्हणून लोक नावं ठेवतात." त्या दिवसापासून बिननावाचं जहाज हेच त्याचं नाव झालं.

पहिला भाग थेट प्रसारित व्हायचा होता, आणि कप्तान होणाऱ्या नटाला ऐन वेळी गालगुंड झालं. गाल फुगलेला कप्तान कसला हुकूम देणार? धाकटा धावत बहिणीच्या घरी गेला. ती दूरध्वनी केंद्रात चौकशीच्या फोनवर होती, लोकांना नंबर सांगायची. तिचा आवाज शहरातल्या अनोळखी माणसांनाही ओळखीचा वाटे. त्या दुपारी ती घरीच होती, कारण सासरे अंथरुणाला खिळलेले होते. नुकतीच न्हालेली, केस ओले, तशीच त्यानं तिला ओढत आणलं. हातात पानं दिली. लाल दिवा लागला.

पानावर लिहिलेलं होतं: 'जहाज झोपलंय. हळू बोला.'

ती म्हणाली, "जहाज झोपलेत. हळू बोला."

दिवसातून कितीदा तरी ती हेच वाक्य घराच्या दारात उभी राहून म्हणत असे. शेजारी विचारायला येत, सासऱ्यांचे जुने मित्र येत, आणि ती दार अर्धवट लोटून म्हणे, ते झोपलेत, हळू बोला. जिभेला तेच वळण होतं. वडीलधाऱ्या माणसासाठी लावायचं क्रियापद तिनं एका जहाजाला लावून टाकलं, आणि ते हवेतून घराघरांत गेलं, परत घेता येणार नाही असं.

धाकटा आधी संतापला. एका निवृत्त मास्तरांनी केंद्राला खडसावलं की वस्तूला आदरार्थी बहुवचन लावण्याची ही कुठली नवी रीत? पण आठवड्याभरात रस्त्यावरची मुलं खोक्यांची जहाजं करून एकमेकांना सांगत होती, "जहाज रागावलेत," "जहाजांना विचारून ये." मग धाकट्यानं आपली पेन्सिल टोकदार केली आणि ती चूक कायदा म्हणून लिहून काढली. यानंतर त्या जहाजावर जो कुणी चढला त्यानं जहाजांना अहो-जाहोच केलं. जहाज स्वतः कधी बोलले नाहीत. नुसती त्यांची घरघर असे. टेबलावरच्या पंख्यासमोर पत्र्याचा डबा धरला की येते तसली. पण त्या घरघरीकडे माणसं अशी कान देत जणू आतल्या खोलीत कुणी थोरलं माणूस पडून आहे.

सासरे पुढे बरीच वर्षं जगले आणि रेडिओ उशाशी घेऊन दर भाग ऐकत राहिले. एकदा त्यांनी सुनेला विचारलं होतं, "ते जहाज म्हणजे मीच का गं?"

"छे हो. जहाज तुमच्याइतके कुरकुरत नाहीत."

म्हातारा तेव्हा इतका हसला की त्याला उठवून बसवावं लागलं.

आता माइकपाशी उभ्या राहून कप्तानबाईंनी पान भावाच्या समोर धरलं. "धाकट्या, हे तू लिहिलंस?"

"मग काय भुतानं?"

"इथे 'जहाज मोडीत काढा' असं आहे. 'जहाजांना' नाही."

छत्रीवाल्यांनी मान लांब करून पान वाचलं आणि पुन्हा आत घेतली, कासवासारखी.

"चुकून राहिलं का?" कप्तानबाईंनी विचारलं. विचारण्यात खोच नव्हती. चुकून राहिलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"चुकून नाही." धाकटा खुर्चीच्या कडेवर सरकला. "आधी तसंच लिहिलं होतं. जहाजांना मोडीत काढा. कितीदा लिहिलं. दर वेळी वाटायचं आपण कुणाच्या तरी घरात शिरून म्हाताऱ्याची खाट बाहेर काढतोय. तूच म्हणून बघ. म्हणवत नाही."

"नाहीच म्हणवत. तेच तर सांगतेय."

"मग मी एवढा एक 'ना' खोडला, मागचा कानाही गेला, आणि जहाजाचं लोखंड झालं. मग हात चालला."



"पण हात चालवायचाच कशाला?" कप्तानबाई म्हणाल्या. "केंद्रवाले तर म्हणतायत मालिका चालू ठेवा."

"कप्तान बदला आणि चालू ठेवा, असं म्हणतायत."

"बदल की मग."

"ताई." त्याचा आवाज एकदम लहान भावाचा झाला. केस पांढरे झालेल्या माणसाच्या तोंडून तो आवाज आला की ऐकणाऱ्याला दुसरीकडे बघावंसं वाटतं. "तुझ्या तोंडचं जहाज मी दुसऱ्याच्या तोंडी घालणार नाही."

"का? मी काय उष्टं करून ठेवलंय?"

छत्रीवाले फसकन हसले आणि लगेच रुमाल तोंडाला लावला. धाकट्याला हसू आलं नाही. "तू हसण्यावारी ने. मी लिहायला बसतो तेव्हा मला शब्द ऐकू येतात ते तुझ्या आवाजात. तो आवाज गेला की माझ्याकडे पानं उरतील नुसती. कुणी दुसरी बाई येऊन तीच वाक्यं म्हणायला लागली तर मला रोज एकदा तुझ्या... मला रोज ते ऐकावं लागेल. त्यापेक्षा तुझ्याबरोबर जहाजही थांबू दे. मानानं थांबेल."

हे प्रेम होतं, यात कप्तानबाईंना शंका नव्हती. आयुष्यभर या मुलानं असंच प्रेम केलं होतं: आवडीची वस्तू मुठीत इतकी घट्ट धरायची की तिचा श्वास कोंडावा. लहानपणी त्यानं एक सुरवंट काडेपेटीत जपून ठेवला होता.

"त्या सगळ्यांचं काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"पुढच्या माणसांचं. माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगायचास ती."

धाकट्यानं मान खाली घातली. ती माणसं त्याला आठवत होती. आठवत होती म्हणूनच त्यानं मान खाली घातली. सासऱ्यांना जेवू घालून बहीण ओट्याशी यायची आणि तो टेबलावर बोटानं पाण्याचे ठिपके काढत पुढच्या पुढच्या खलाशांची गोष्ट रचायचा, जी अजून कुठल्याच भागात आली नव्हती. आधी येतील ती जहाजावरच जन्मलेली माणसं, तो म्हणायचा. त्यांना जमीन ही अफवा वाटेल, आणि पाऊस ही कुणीतरी रचलेली थाप. त्यांच्यानंतर असे येतील की ज्यांना ऐकूच येणार नाही. ते तळवे भिंतीला लावून जहाजांचा कल ओळखतील, आणि आपल्यापेक्षा चांगला ओळखतील. मग एकदा तरुण मंडळी नकार देतील म्हणून सगळी म्हातारीच चढतील. ती प्रत्येक दिव्यापाशी दुप्पट वेळ लावतील, कारण प्रत्येक दिव्याशी त्यांना बोलायचं असेल. मग फार मोठा काळ कुणीच नसेल. जहाज एकटे फिरतील. आणि शेवटी कुठलं तरी जोडपं चुकून आत शिरेल. त्यांना हे कशासाठी आहे तेच माहीत नसेल, आणि थंडी वाजते म्हणून ते एक दिवा पेटवतील.

"आणि ती सगळी जहाजांना काय म्हणतील?" बहिणीनं तेव्हा विचारलं होतं.

"तू म्हणतेस तेच. भाषा कप्तानाकडूनच खाली उतरते."

बटण तेव्हा टेबलाखाली, वडिलांच्या पायांशी खेळता खेळता झोपून जायची.

"ती माणसं अजून जन्मलीच नाहीत," धाकटा आता म्हणाला. "जन्मली नाहीत त्यांचं काय वाईट होणार?"

कप्तानबाईंनी पानाची घडी केली. "गुरुवारी गाठ काढणार. म्हणजे या आवाजानं मी जे शेवटचं म्हणेन ते आज, इथे. त्यानंतर जे काय उरेल त्यानं भाजी मागेन, रिक्षावाल्याशी भांडेन, तुला शिव्या देईन, सगळं करीन. पण जहाजांना द्यायचा हुकूम आजचाच. आणि तो तू मला हा देतोयस."

"मग तुला काय म्हणायचंय? सांग, लिहितो."

"ते मला अजून सापडलं नाही." त्यांनी घडी त्याच्या हातात दिली आणि दार ढकललं. "आधी काहीतरी गरम प्यायला द्या."

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. तिच्या खाली वाळूची लाल बादली, आग विझवण्यासाठी ठेवलेली आणि सिगारेटी विझवण्यासाठी वापरलेली. बटण गरम पाण्याचा पेला घेऊन आली. कप्तानबाई खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या होत्या. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलवर शिडी आडवी धरून चालला होता, आणि शिडीच्या धाकानं सगळी वाहतूक त्याला जागा देत होती.

"बघ, याला म्हणतात अधिकार," कप्तानबाई म्हणाल्या.

"तू कमी बोल गं. घसा जप."

"जपून काय करू? तो काय व्याज देणारे?" त्यांनी घोट घेतला. "बटण, खरं सांग. तू बोलून बघतेस का?"

"मी?" बटण हसली. "आत्या, माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. फोनवर मला लोक 'बोला साहेब' म्हणतात. मी कप्तान झाले तर जहाज घाबरून परत फिरतील."

"जहाज कशाला घाबरतायत. तुझ्या बापाचं लिखाण पचवलंय त्यांनी."

बटण हसली, आणि ते हसू ओसरल्यावर ती बराच वेळ वाळूच्या बादलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पानावर लिहिलंय, 'घरघर हळूहळू थांबते.' मी सकाळपासून पंखा बंद करून बघतेय. हळूहळू थांबतच नाही गं. पाती आधी जोरात फिरतात, मग एकदम लटपटतात, आणि मग माझ्या हातात नुसता पत्र्याचा डबा उरतो. मी बाबांना म्हटलं, हे असं वाजतंय. ते म्हणाले, पुन्हा करून बघ."

"किती वेळा केलंस?"

"मोजलं नाही. दर वेळी मी पुन्हा चालूच करत होते. बंद करायचा सराव करतेय असं म्हणून चालूच करत बसले होते."

कप्तानबाईंनी पेला कट्ट्यावर ठेवला. "तुला हवेत का ते जहाज?"

"तुझ्यासारखं म्हणायला गेले तर नक्कल होईल. वेगळं म्हणायला गेले तर बाबांना सहन होणार नाही. आणि आत्या, एक सांगू का? रागावू नकोस. मला ते 'झोपलेत, उठलेत' जमत नाही. लहान होते तेव्हापासून मी मनातल्या मनात जहाजाला 'ए' म्हणते. ए, दमलास का. ए, चल ना. डबा हातात धरते तेव्हा पण. बाबांना कधी कळू दिलं नाही. ते म्हणाले असते ही या जहाजावरची नाहीच."

कप्तानबाई तिच्याकडे बघत राहिल्या. समोरच्या मुलीच्या केसांत एक पांढरा केस होता. टेबलाखाली झोपणाऱ्या मुलीच्या केसांत तो कधी आला हे कुणी पाहिलं नव्हतं. जिन्यावरून कुणीतरी खुर्च्या वाहून नेत होतं, खुर्चीचा पाय कठड्याला लागून टणत्कार झाला, आणि त्या टणत्कारात त्यांना जे सापडत नव्हतं ते सापडल्यासारखं झालं.

"'दमलास' म्हणतेस?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुझ्यासाठी तो मुलगा आहे होय."

"माहीत नाही. कधी 'दमलीस' पण म्हणते."

"काय म्हणतो मग?"

"काय म्हणणार? घरघरतो."

कप्तानबाईंनी उरलेलं पाणी एका घोटात संपवलं आणि पदर खोचला. "चल. लाल दिवा लाव."

आत छत्रीवाले धाकट्याला कुठल्याशा गिऱ्हाईकाची गोष्ट सांगत होते, ज्याला छत्रीची मूठ तेवढी नवी हवी होती कारण जुन्या मुठीवर बायकोचा राग होता. धाकटा ऐकत नव्हता. बहिणीला येताना पाहून तो उभा राहिला. "काही सुचलं का? सांग पटकन, लिहून घेतो."

"लिहू नकोस. ऐक."

"म्हणजे? पानाशिवाय म्हणणार? ताई, अगं इतक्या वर्षांत..."

"इतक्या वर्षांत एकदाच पानाबाहेर गेले होते. त्यावर तू आजवर जेवलास. आता गप्प बस." त्या छत्रीवाल्यांकडे वळल्या. "तुम्ही तुमचं वाक्य म्हणा. पुढे मी काय म्हणेन त्याला तुम्हाला वाटेल ते उत्तर द्या."

"बाई, मला छत्रीच्या काड्या पण आपल्या मनानं वळवता येत नाहीत."

"जमेल."

बटण आपल्या जागी गेली. तिनं पंखा लावला, डबा धरला, आणि घरघर खोलीत आली. लाल दिवा लागला.

छत्रीवाल्यांनी घसा साफ केला. "कप्तान, बंदर आलं. आम्ही हुकमाची वाट बघतोय."

कप्तानबाईंनी डोळे मिटले नाहीत, हात छातीवर नेला नाही, नाटकातली माणसं करतात तसलं काही केलं नाही. चौकशीच्या फोनवरून एखाद्या गोंधळलेल्या माणसाला नंबर सांगावा तसं त्या बोलू लागल्या.

"इंजिनिअर, पाण्याच्या टाक्या भरून घ्या. काचा पुसून घ्या, आतून पण. जादा वाती कोरड्या जागी ठेवा. आणि दार नुसतं लोटून ठेवा, कडी लावू नका. पुढची माणसं येतील तेव्हा त्यांना दार शोधावं लागू नये."

काचेआड बटणनं डबा एका हातात घेतला, दुसरा हात बंद करायच्या बटणावर नेला आणि वडिलांकडे पाहिलं. नेहमीची रीत हीच होती: कुणा दुसऱ्या नटाकडून पानावर नसलेलं काही आलं की धाकटा बोट वर करे, आणि ती थांबवे. धाकट्याचं बोट खुर्चीच्या हातावर होतं. ते वर आलं नाही.

"पुढची माणसं कोण, कप्तान?" छत्रीवाल्यांनी विचारलं. त्यांना आपण खरंच विचारतोय असं वाटलं, आणि आवाज थोडा हलला.

"मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. जी येतील ती."

"त्यांना काही सांगायचंय? जहाजांशी कसं वागायचं वगैरे? मी लिहून ठेवीन."

"काही लिहू नका." घरघर चालू होती, आणि कप्तानबाईंनी क्षणभर तिच्याकडे कान दिला. "मी पहिल्या दिवशी बोलताना चुकले होते, इंजिनिअर. घरचं तोंड घेऊन आले होते. तुम्ही सगळ्यांनी ती चूक सांभाळलीत, फार लाडानं सांभाळलीत. पण पुढच्यांनी ती चालवलीच पाहिजे असं नाही. त्यांनी अहो म्हणावं, अरे म्हणावं, अगं म्हणावं, नुसतं ए म्हणावं. त्यांच्या घरात जे चालत असेल ते घेऊन यावं. जहाज मनावर घेत नाहीत."

छत्रीवाल्यांना काही बोलायला हवं होतं. त्यांच्या तोंडून आलं ते एवढंच: "आणि तुम्ही, कप्तान?"

"मी उतरते."

त्या माइकपासून एक पाऊल मागे आल्या. मग आणखी एक. सतरंजीवर पावलांचा आवाज होत नाही, त्यामुळे त्या उतरल्या तेव्हा नेमक्या कधी उतरल्या हे रेकॉर्डिंगमध्ये कुणालाच सांगता येणार नाही. घरघर तेवढी राहिली. बटणच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिचे दोन्ही हात डब्याला होते आणि डबा जरासुद्धा हलला नाही.

लाल दिवा विझल्यावर छत्रीवाले कुणाकडे न बघता रुमालात नाक शिंकरत राहिले. कप्तानबाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली, चष्मा डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली. बटणनं काचेआडून हात हलवला; त्यांनीही हलवला. आणि त्या बाहेर पडल्या.

धाकटा त्यांच्या मागे आला. जिन्याच्या तोंडाशी त्यानं त्यांना गाठलं. त्याच्या हातात अजून ते घडी केलेलं पान होतं आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, पण तो लिहिण्याच्या तयारीत होता की नुसता धरून उभा होता हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"ताई, हे तू काय करून ठेवलंस? दार लोटून ठेवलंस फक्त. आता आत कोण येणार, कुठून येणार, काय बोलणार, मला काही ऐकू येत नाहीये. काहीच." तो थांबला. "पहिली ओळ तरी सांगून जा. तू म्हण, मी लिहितो. फक्त पहिली. मग मी बघतो. त्यांच्यापैकी पहिलं कोण बोलतं?"

कप्तानबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. लहानपणापासून ती नेहमी डावीकडेच दुमडायची. त्यांनी पिशवी खांद्यावर सरकवली, दोन्ही हातांनी कॉलर बाहेर काढली, सपाट केली, आणि तिच्यावर तळहात क्षणभर ठेवला. धाकट्याला वाटलं, आता त्या बोलतील. त्यानं पेन्सिल टेकवलीसुद्धा.

मग त्यांनी हात काढून घेतला, कठडा धरला, आणि एकेक पायरी सांभाळत त्या खाली उतरत गेल्या.